न केलेल्या पापाचा डाग



पोटीफरच्या पत्नीने योसेफावर आळ घेतला. हाती आलेले त्याचे वस्त्र तिने पुरावा म्हणून दाखवले आणि निरपराध योसेफ तुरुंगात गेला (उत्पत्ती ३९).

नोव्हेंबर १९९३ मध्ये शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांच्यावर एका तरुणाने लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. ४१ वर्षांची याजकीय सेवा एका दिवसात संशयाखाली आली. त्यांनी आरोप नाकारला. पण अशा तक्रारींसाठी स्वतःच नेमलेल्या मंडळापुढे आपलेही प्रकरण ठेवले. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्या तरुणाने आरोप मागे घेतला. संमोहनातून आलेल्या आठवणींवर आपल्याला विसंबता येत नाही, असे त्याने सांगितले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कार्डिनल फिलाडेल्फियाला जाऊन त्याला भेटले. तो एड्सने आजारी होता. त्याने क्षमा मागितली. कार्डिनलांनी मिस्साबली अर्पण केला आणि त्याला रुग्णाभ्यंग दिला.

बंधू-भगिनींनो, खऱ्या पीडिताला गप्प बसवणे हे मोठे पाप आहे. त्याचे ऐका, त्याला न्याय मिळवून द्या. पण चौकशीआधीच नाक्यावर आणि मोबाइलवर कोणाला दोषी ठरवणे हेही आठव्या आज्ञेविरुद्ध आहे. माणूस निर्दोष ठरतो, तरी त्याच्या घरची पायरी आपण चढत नाही. मुलांनाही कुजबुज ऐकावी लागते. असे एखादे घर तुम्हाला माहीत असेल, तर या आठवड्यात तेथे जा.

हे प्रभू, खोट्या साक्षीने तूही दोषी ठरलास. आमच्या जिभेला आवर घाल. आमेन.