अजून पाच हजार

वही उघडा. पेनाचं टोपण काढा, पण लिहू नका अजून. गेले तीन आठवडे रात्रीची जेवणं झाली की तुम्ही भावच बघत बसलात. प्रोसेसरचे, ग्राफिक्स कार्डांचे, दिवे लागलेल्या पंख्यांचे. आज एकही भाव बघायचा नाही. मोबाइल उशीखाली सारा. डोक्यावरच्या पंख्याची घरघर तेवढी राहू द्या.

डोळे मिटा आणि एवढंच आठवा, की खेळांसाठीचं हे कॉम्प्युटर-यंत्र घरी आल्यावर तुम्ही कुठे बसणार आहात. टेबल कोणतं, खुर्ची कोणती, पडदा डोळ्यांपासून किती लांब. मग मनात खेळाचं नाव घ्या. दहा नावं आली तर थांबा, त्यांना एकेक करून जाऊ द्या. रोज रात्री अकरा वाजता खरोखर जो उघडला जातो, तो उरू द्या. बहुतेकांचा एकच उरतो, आणि तो पाच-सात वर्षं जुना असतो. हे कबूल करायला जरा जड जातं. जाऊ द्या जड. त्या जडपणापाशी थोडं बसा.

आता मॉनिटर. सगळे यादी प्रोसेसरपासून सुरू करतात, मी मॉनिटरपासून करतो, कारण खर्चलेला रुपया शेवटी दिसायचा तर तिथेच दिसणार. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. १४४०पी म्हणतात त्या पडद्यावर सुमारे ३७ लाख. सव्वादोन पट. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. ग्राफिक्स कार्डाला दर चित्रासाठी सव्वादोन पट ठिपके रंगवायचे आहेत, आणि तेही फक्त पहिल्या दिवशी नव्हे. हा मॉनिटर घरात आहे तोवर, येणाऱ्या प्रत्येक नव्या खेळात. मॉनिटरचे पैसे आपण एकदाच मोजतो असं वाटतं, पण त्याचा हप्ता ग्राफिक्स कार्डातून चालूच राहतो. कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून दाखवणारी डीएलएसएससारखी तंत्रं हा भार हलका करतात, हे खरं. तरी सत्तावीस इंची पडद्यासमोर, हातभर अंतरावरून, १४४०पी मला पुरतो. तुमचे डोळे माझ्यापेक्षा तरुण असतील. दुकानात दोन्ही पडदे शेजारी-शेजारी लावायला सांगा, आणि किमतीच्या चिठ्ठ्या झाकून बघा.

ठिपक्यांनंतर वेळ. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दर चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. १४४ केली तर ७. २४० केली तर ४.२. सावकाश वजाबाकी करा. पहिल्या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचले, दुसरीत तीनसुद्धा नाहीत. दुसऱ्या उडीसाठी यंत्राला मात्र दर सेकंदाला शंभराच्या आसपास जास्त चित्रं काढावी लागतात. स्पर्धेत उतरणाऱ्याला ते तीन मिलिसेकंद मोलाचे असतील. तुम्ही स्पर्धेत उतरता का? मनातल्या मनातच उत्तर द्या, मला नको.

माझ्या भाच्याने हट्टाने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला होता. चार महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो, तर हळूच म्हणाला, ‘‘मामा, खरं सांगू? जुन्यात आणि ह्यात मला काहीच फरक कळत नाही.’’ डिस्प्लेची सेटिंग उघडली. आकडा ६०. विंडोजने पहिल्या दिवशी जो धरला होता तो कुणी बदललाच नव्हता. मी १४४ केला. त्याने माउसचा बाण पडद्यावर गोल फिरवला, परत फिरवला, खिडकी धरून इकडून तिकडे ओढली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘आईला सांगू नका.’’

चला, आता मनानेच मुंबईच्या ग्रँट रोड स्टेशनला उतरू आणि पूर्वेला बाहेर पडू. लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो कधीचाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पण सुटे भाग घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडी अजून लॅमिंग्टन ह्या जुन्या गव्हर्नरचंच नाव असतं. काउंटरपाशी तुम्ही उभे आहात. हातगाडीवरून मॉनिटरचे खोके चाललेत, मागून कुणीतरी ‘‘बाजू, बाजू’’ ओरडतोय. दुकानदार तुमची यादी वाचतो, मान डोलावतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, अजून पाच हजार टाका, वरचं कार्ड येईल.’’

हे वाक्य ऐका. परत ऐका. त्यात खोटं काही नाही. वरचं कार्ड खरोखरच येतं. त्यावर पाच हजार टाकले की त्याच्याही वरचं येतं. ‘एवढे घातलेच आहेत तर’ ही आपल्या मनाची अगदी घरची लकब आहे, बांधकाम काढलेल्या आणि लग्नघरातल्या माणसाला विचारा. जिन्याची प्रत्येक पायरी लहान असते, म्हणून आपण कितव्या मजल्यावर आलो ते बघायचं राहून जातं.

म्हणून पायऱ्या मोजू. २०२५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाने आणलेली तीन कार्डं घ्या. जाहीर किमती डॉलरमध्ये होत्या: आरटीएक्स ५०७० टीआय ७४९, ५०८० ला ९९९, ५०९० ला १,९९९. आपल्याकडे त्यावर जीएसटीचे १८ टक्के आणि वाटेतल्या सगळ्यांचे हात लागतात, ते वेगळंच. पहिल्या कार्डात ८,९६० गणन-गाभे, दुसऱ्यात १०,७५२. म्हणजे गाभे वीस टक्क्यांनी जास्त, किंमत तेहतीस टक्क्यांनी. मेमरी दोन्हींत १६ जीबीच. ५०९० मध्ये गाभे ५०८० च्या दुप्पट, किंमतही दुप्पट. खेळातल्या चित्रांची संख्या मात्र दुप्पट होत नाही, आणि वीज ३६० वॉटवरून ५७५ वर जाते. मुंबईच्या मे महिन्यात, बंद खोलीत, तेवढ्या वॉटचा हीटर पायाशी. खुशाल घ्या, पैसे तुमचे आहेत. पण घेताना ‘परवडलं’ म्हणू नका, ‘हौस केली’ म्हणा. हौसेला हौस म्हटलं की घशातला आवंढा सहज उतरतो, निदान माझा तरी उतरला.

प्रोसेसरकडे वळताना एक श्वास घ्या, कारण इथे मोठा आकडा हमखास भुलवतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. खेळांच्या यंत्रात उलट घडतं: आडात रग्गड असतं, पोहरा लहान पडतो. सोळा कोअरचा प्रोसेसर घेतला तरी बहुतेक खेळ त्यातले मोजकेच कोअर नीट वापरतात. त्यांना हवी असते हाताशी ठेवलेली मेमरी, कॅश. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा ओट्यावर आहे की माळ्यावर, एवढाच तो फरक. रायझन ७ ९८००एक्स३डी मध्ये आठच कोअर आहेत, पण तिसऱ्या पातळीची कॅश ९६ एमबी; साध्या ९७००एक्स मध्ये ती ३२. जाहीर किंमत ४७९ डॉलर होती असा हा आठ कोअरवाला खेळात ६९९ ला जाहीर झालेल्या सोळावाल्या ९९५०एक्स३डी च्या बरोबरीने चालतो. व्हिडिओ संकलन करायचं असेल तर सोळा कामाला येतील. आणि फोर-के वर खेळायचं ठरवलंत, तर ओझं ग्राफिक्स कार्डावर इतकं जातं की साध्या आणि भारी प्रोसेसरमधलं अंतर पुष्कळसं मिटून जातं. बघा, परत मॉनिटरपाशीच आलो.

आता पेन टेकवायला हरकत नाही. जिथे काटकसर जाणवत नाही त्या ओळी आधी लिहा. एसएसडी चौथ्या पिढीची पुरे. पाचवीचा वेग कागदावर दुप्पट दिसतो, खेळ उघडताना तो कळायचा नाही. मदरबोर्ड मधला. दिवे शून्य. रॅम ३२ जीबी, दोन पट्ट्यांत. २०२५ संपता संपता मेमरीचे भाव असे भडकले, की ६४ लिहिताना हात आपोआप थबकतो. थबकू द्या.

पॉवर सप्लायपाशी मात्र कंजूसपणा नको. यादीत तो सगळ्यांत शेवटी येतो, तोवर पाकीट हलकं झालेलं असतं, आणि ‘चालतंय की’ म्हणून कसलातरी डबा उचलला जातो. त्याच्यामुळे खेळात एकही चित्र वाढत नाही, म्हणून तो नजरेत भरत नाही. पण बाकी सगळ्यांची वीज त्याच्यातूनच जाते, आणि तो वाईट रीतीने गेला तर एकटा जाईलच असं नाही. ५०७० टीआय साठी एनव्हिडिया ७५० वॉटचा सुचवते. चांगल्या नावाचा, दहा वर्षांच्या वॉरंटीचा, पक्क्या बिलावर घ्या. आणि घरातला जुना ६०० व्हीएचा यूपीएस आठवा. तो जेमतेम ३६० वॉट पेलतो. ऐन लढाईत वीज गेली की एकदा बोंब मारून तोही झोपेल.

यादी झाली. भाग आले, जोडले, कूलरच्या बुडाची प्लॅस्टिकची पट्टी सोलली, मॉनिटरची केबल मदरबोर्डात न खोचता ग्राफिक्स कार्डातच खोचली. बटण दाबलं. पंखे फिरले.

पडदा काळा.

या नव्या डीडीआर५ यंत्रांत पहिल्यांदा असं होतं. मदरबोर्ड रॅमच्या पट्ट्यांशी आपलं जुळवून घेत असतो. कधी अर्धा मिनिट, कधी चांगली काही मिनिटं. कोपऱ्यात एक पिवळट दिवा लागलेला असतो. हात बटणाकडे जाईल. काहीतरी जळलं, पैसे बुडाले, दुकानदाराने फसवलं, सगळं मनात येऊन जाईल. हात मांडीवर ठेवा. काळ्या काचेत तुमचा चेहरा दिसतोय, मागे वरचा पंखा फिरतोय. त्याच्या फेऱ्या मोजा. दिवा अजून पिवळाच आहे.