राजीखुशीने ठरलेली मजुरी



सकाळी आठच्या सुमारास आपल्या वसई-विरार शहरातल्या मोठ्या नाक्यांवर माणसे कामाची वाट पाहत उभी असतात. गवंडी, रंगारी, बिगारी. एखादा टेम्पो थांबतो, दिवसाचा भाव ठरतो, चार जण चढतात, बाकीचे उरतात. तो भाव कमी नाही का, असे कुणी विचारले तर आपले उत्तर तयार असते : "त्याने राजीखुशीने कबूल केला. आम्ही कुठे जबरदस्ती केली?" या उत्तराचाच आज थोडा विचार करू या. दोघांनी मान्य केली एवढ्यानेच मजुरी न्याय्य ठरते का?

एके काळी आपली मिळकत म्हणजे वाडी, केळी, विड्याची पाने, भाजी, फुले, दूध आणि किनाऱ्यावरची मासेमारी. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. आज आपली कितीतरी मुले पहाटेची लोकल पकडून मुंबईला जातात, काही आखातात आहेत. पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे येथे गाळ्यागाळ्यांतून लहान कारखाने चालतात. आपण सोडलेली कामे करायला जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे आली, उत्तर प्रदेश-बिहारचे तरुण आले. वाडीतले शिंपणे, घरातली धुणीभांडी, नव्या बंगल्याचे बांधकाम यांपुरते आपण आता मालक झालो आहोत.

मालक होण्याआधी आपण विकणारे होतो, हे मात्र विसरता येणार नाही. आपल्या आईवडिलांनी पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या दादरला नेल्या. दलाल भाव सांगे आणि ते हो म्हणत. का म्हणत? मोगरा उद्यापर्यंत थांबत नाही म्हणून. दलाल थांबू शकत होता, फूल थांबू शकत नव्हते. पाचूबंदर-अर्नाळ्याच्या कोळी भगिनींनाही हे सांगायला नको. बर्फ संपत आला की मासळीचा भाव कोण ठरवतो, ते त्या जाणतात.

आता नाक्यावरच्या माणसाकडे पाहा. त्याच्याजवळ विकायला आहे तो आजचा दिवस. मोगऱ्याहून नाशिवंत माल तो हाच. आज न विकलेले दूध आटवून ठेवता येते, केळ्याची सुकेळी करता येते, पण आज न विकलेला दिवस उद्या विकता येत नाही. ज्याला थांबता येत नाही तो नेहमी कबूल करतो. त्याच्या होकारात खुशी किती आणि संध्याकाळच्या चुलीची काळजी किती, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही.

ॲरिस्टॉटलने वादळात सापडलेल्या जहाजाचा दाखला दिला आहे. जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकला जातो. तो आपल्याच हातांनी फेकलेला असतो, पण शांत हवेत कोणताही तांडेल तसे करणार नाही. अशा कृतीला निव्वळ स्वेच्छा म्हणता येत नाही, असे तो सांगतो. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोव्हारूम' या पत्रात हाच विचार मजुरीला लावला. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीने कामगार अपुरी मजुरी स्वीकारतो तेव्हा त्याच्यावर अन्यायच होतो. कराराच्याही आधी एक न्याय आहे, तो म्हणजे कष्टकऱ्याचा साधेपणाने निर्वाह व्हावा. आपल्या देशाने १९४८ साली किमान वेतनाचा कायदा केला आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व ठेवले. कामगार राजी असला तरी किमान वेतनाहून कमी देता येत नाही, ते याच कारणाने.

यावर गाळा चालवणारे आपले बांधव म्हणतील, "फादर, आम्ही तरी कुठे श्रीमंत? मोठी कंपनी बिल तीन-तीन महिने अडकवते." हे खरे आहे. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा असूनही गाळेवाला तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल ही भीती. म्हणजे तोही 'राजीखुशीने' थांबतो! वरून आलेला हा भार खाली ढकलला, तर तो शेवटी ज्याच्या खाली कोणीच नाही अशा माणसावर जाऊन बसतो. ओझे खरे आहे, पण ते सारेच्या सारे त्याच्या माथी का?

प्रभू येशूच्या दाखल्यातील द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळताना पुन्हा बाजारात जातो. तिथे उरलेली माणसे आळशी नव्हती, त्यांना कुणी बोलावलेच नव्हते. त्यांनाही तो पूर्ण दिवसाची मजुरी देतो. तासांचा हिशोब मांडला तर हे जुळत नाही, पण एका घराला एक दिवस जगायला किती लागते हा हिशोब मांडला तर जुळते.

आपण सारे त्या धन्याइतके उदार होऊ शकू असे नाही. पण भाव ठरवताना दोन प्रश्न स्वतःला विचारू शकतो. समोरच्याला 'नाही' म्हणणे परवडले असते का? आणि या पैशांत, नालासोपाऱ्यात भाड्याची खोली घेऊन, आपण महिना काढू शकलो असतो का? घरकाम करणाऱ्या मावशी तापाने चार दिवस आल्या नाहीत तर ते पैसे कापायचे की नाहीत, वाडीतल्या गड्याची मजुरी शनिवारी द्यायची की 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणायचे, याचा निर्णय या आठवड्यातच आपल्यापैकी अनेकांच्या हातात येईल. तिथे आपण 'त्याने कबूल केले होते' एवढ्यावर थांबू नये.