पाहणारा आणि पाहिला जाणारा

पैसे न देता पाहिलेला चित्रपट ही चोरी होय काय, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा विचारला जात नाही. दुसऱ्याच्या बांधावरचा आंबा उचलताना ज्या घरातला माणूस कचरतो, त्याच घरात नातू भ्रमणध्वनीवर नुकताच प्रदर्शित झालेला चित्रपट फुकट लावून देतो आणि सारे कुटुंब त्याच्या हुशारीचे कौतुक करते. आंबा नेला की मालकाकडे उरत नाही. चित्रपटाची प्रत काढली तरी मूळ वस्तू जागच्या जागी राहते. विवेकाची फसगत होते ती येथेच.

1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात या अपराधासाठी 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. चलच्चित्र कायद्यातही 2023 साली तशाच शिक्षेची भर पडली. तथापि कायद्याचा रोख मुख्यतः प्रत काढणाऱ्यावर व पसरवणाऱ्यावर असल्याने घरी बसून पाहणाऱ्याच्या दारी पोलीस येण्याचा संभव थोडा. म्हणून आपल्यापुरता हा प्रश्न नीतीचाच अधिक आहे.

आपल्या बाजूने एक युक्तिवाद मात्र करता येतो. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. मराठी चित्रपटाची वाट पाहत राहणे हे तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडले. जे रीतसर मिळतच नाही ते आडमार्गाने घेतले, तर कोणाचे काय गेले? एके काळी या म्हणण्यात तथ्य होते. आज पुण्यात जे उपलब्ध आहे त्यातले पुष्कळसे वर्गणी भरून आदिलाबादेतही दिसते. शिवाय छोट्या भाषेतली चोरी घरच्यांनाच अधिक जाचते. 2016 साली ‘सैराट’ चित्रगृहांत चालू असतानाच त्याच्या चोरट्या प्रती पसरल्या. तो चित्रपट तरला. ज्याची पुंजी तुटपुंजी असते असा चित्रपट तरतोच असे नाही.

बरे, फुकट ते खरोखर फुकट असते काय? नोव्हेंबर 2025 मध्ये हैदराबाद पोलिसांनी ‘आयबोम्मा’ या संकेतस्थळाच्या कथित चालकास अटक केली. सुमारे 50 लाख वापरकर्त्यांची माहिती त्याच्यापाशी साठलेली होती आणि प्रेक्षकांना ऑनलाइन जुगाराकडे वळवले जात होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे. आपण पडद्याकडे पाहत होतो आणि पडदा आपल्याकडे!

वर्गणी भरणाराही यातून सर्वस्वी सुटत नाही. काय पाहिले, कोठे थांबवले, याची नोंद अधिकृत सेवाही ठेवतात. अमेरिकेत 1987 साली रॉबर्ट बोर्क यांची सर्वोच्च न्यायालयासाठी शिफारस झाली असता, त्यांनी भाड्याने नेलेल्या चित्रफितींची यादी एका साप्ताहिकाला मिळाली व तिच्यावर लेख छापून आला. यादीत लाजिरवाणे काहीच नव्हते. तरी तेथील संसदेने पुढच्याच वर्षी अशा नोंदींच्या गुप्ततेचा कायदा केला. आपल्याकडे खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले.

मला अधिक अवघड वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. पुण्यातला मुलगा वर्गणी भरतो आणि येथले आईवडील त्याच खात्यावर पाहतात. नेटफ्लिक्सने जुलै 2023 पासून भारतात एक खाते एकाच घरापुरते, असा नियम लागू केला. कंपनीचे घर म्हणजे एक पत्ता. आपले घर मात्र आदिलाबाद, पुणे, हैदराबाद असे पसरलेले आणि तरी एकच. करार मान्य केला असेल तर तो पाळावा, हे खरे. पण या आईबापांना आयबोम्माच्या ग्राहकांच्या पंक्तीला बसवणे मला पटत नाही. आणि खाते एक असले की वडील रात्री 2 पर्यंत काय पाहत होते, हे मुलाला पुण्यात बसून दिसते. ते त्याने पाहावे काय, यावर कोणत्याही कंपनीचा नियम नाही.