धूसर कोणाला करावे?

दर्शनाला आलेल्या समुदायाचे छायाचित्र घेताना एकच चेहरा स्पष्ट ठेवून इतरांना धूसर करण्याचा अधिकार छायाचित्रकाराला आहे काय? हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव येथे झुकणाऱ्या भिंगाचे काही प्रयोग आम्ही केले, तेव्हा हा प्रश्न टाळता येईना.

साध्या भिंगाची धूसरता अंतरामुळे येते. जवळचा स्पष्ट तर मागचा अस्पष्ट. त्यात कोणाची तक्रार नसते. झुकणाऱ्या भिंगाचे तसे नाही. आकाशातून घेतलेली तिरकी चित्रे नकाशासाठी सरळ करण्याच्या खटपटीत ऑस्ट्रियाच्या सैन्यातील थिओडोर शाइम्फ्लुग यांनी १९०४ साली त्याचा नियम मांडला. फिल्म, भिंग व स्पष्ट दिसणारा पृष्ठभाग या तिन्हींच्या पातळ्या एका रेषेत मिळतात. भिंग कलले की स्पष्टतेची पातळीही कलते. मग खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचे डोळे लख्ख, तर दुसऱ्याचा चेहरा पुसल्यासारखा, असे घडते. अंतर सारखेच असते; भेद आम्ही केलेला असतो.

उंचावरून हाच प्रयोग केला की माणसे बाहुल्यांसारखी भासतात, कारण एवढी धूसरता डोळ्याला लहान व अगदी जवळच्या वस्तूंचीच ठाऊक असते. अशी चित्रे लोकांना आवडतात. आम्हाला मात्र तो भाविकांचा उपहास वाटला.

तथापि निवड टाळावी, असेही म्हणवत नाही. सर्वांकडे सारखे पाहणारा बहुधा कोणाकडेच पाहत नसतो. गर्दीत आपले मूल शोधणाऱ्या आईला इतर मुले दिसत नाहीत. म्हणून तिला कोणी दोष देईल काय? एकावर नजर जडल्याने इतर अंधुक होणे निराळे आणि इतरांना अंधुक करण्यासाठीच नजर वळवणे निराळे. परंपरा जे नामदेवांचे जन्मस्थान मानते, त्या गावी ही गोष्ट अधिकच जाणवते. जवळच्या औंढा नागनाथाची आख्यायिका सर्वश्रुत आहे: कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळाच्या मागे धाडण्यात आले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले.

तेच भिंग पुढे झुकवले तर अंगणाची सारी फरशी, पायाजवळच्या चपलांपासून पलीकडे टेकलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत, एकसारखी स्पष्ट उमटते. धूसर होतो तो जवळच्या खांबाचा वरचा भाग. ते छायाचित्र पाहणारे प्रथम विचारतात, यात पाहायचे काय? मग एकेक माणूस न्याहाळू लागतात.