लेख वाचलास का?

एकाच प्रश्नाचं उत्तर दे. लेख वाचलास का?

चाळला, असं म्हणू नकोस. नजर फिरवली, असंही नको. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, हातात पेन्सिल घेऊन वाचलास का? नाही वाचलास. तू कबूल करायची गरजच नाही, ही दोन पानंच चुगली करताहेत.

गिरणी संपावरचा लेख दिला होता तुला. दिवाळी अंकासाठी समोरासमोरची दोन पानं मांडायची होती. शीर्षक एका शब्दाचं, 'भोंगा'. तू काय केलंस? फुकटात मिळणारा, तडे गेलेल्या अक्षरांचा एक फॉन्ट उतरवून घेतलास. शब्द तिरका केलास. मागे धूर सोडलास. कडेनं लाल ओघळ काढलेस. चारही कोपरे भरलेस आणि वर मला सांगतोस, 'सर, एक्स्प्रेसिव्ह टायपोग्राफी केली आहे.' काय व्यक्त केलंस? लेखकाचं म्हणणं की तुझी घाई?

अरे, तो लेख आवाजाबद्दल नाहीच. आवाज बंद झाल्याबद्दल आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि गिरण्या मात्र एकेक करून कायमच्या मिटल्या. लेखक म्हणतो, भोंगा वाजायचा थांबला तरी चाळीतली माणसं त्याच वेळेला उठून बसत होती. तिसऱ्या परिच्छेदात आहे हे. अख्खा लेख त्या एका गोष्टीवर उभा आहे. आणि तू दोन्ही पानांवर बोंब ठोकलीस. जिथे गप्प बसायचं होतं तिथे तू सर्वांत मोठ्यानं ओरडलास, कारण गप्प बसायचं आहे हे तुला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचला असतास तर धुराचा ब्रश शोधायला गेलाच नसतास.

आणि शब्दाकडे तरी पाहिलंस का? वाचणं राहू दे, नुसतं पाहिलंस? 'भोंगा'. भ चा दंड, ओकाराचा काना, ग चा दंड, शेवटचा काना. चार उभे दंड आणि वरून एक आडवी रेघ. हे तुझ्यासमोर आयतं होतं. त्या दंडांच्या गिरणीच्या चिमण्या कर असं मी सांगत नाही. ती पहिली सुचणारी कल्पना आहे, म्हणून ती टाकूनच द्यायची. पण ती रेघ बघ. शिरोरेखा डाव्या पानाच्या कडेपासून निघाली असती, पान ओलांडून उजवीकडे गेली असती आणि मध्येच तुटली असती तर? पुढे काही नाही, कोरा कागद. बंद पडलेला आवाज कागदावर असा आणता येतो. तडे लागत नाहीत, धूर लागत नाही, रंगसुद्धा लागत नाही. ही कल्पना माझी आहे, ती उचलू नकोस. तुझी तू शोध. ती लेखात सापडेल. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये सापडणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता तुझ्या सबबी घेऊ. मला त्या तोंडपाठ आहेत.

'वेळ नव्हता.' लेख वाचायला किती वेळ लागतो? चहा निवेपर्यंत वाचून होईल इतका तो लहान आहे. त्या धुराच्या कडा मऊ करण्यात रात्र घालवलीस, तेव्हा वेळ कुठून आला? वेळ होता. वाचायचा कंटाळा होता. वाचलं की विचार करावा लागतो, आणि सजावट करताना हात चालू राहतो, म्हणून काम केल्यासारखं वाटतं. स्वतःला फसवायची याहून सोपी रीत नाही.

'मराठीत चांगले फॉन्टच नाहीत.' नाचता येईना अंगण वाकडं! मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता फॉन्ट बारीकपासून ठळकपर्यंत सात वजनांत फुकट मिळतो. त्यांचाच बलू मिळतो. तू यातला एक तरी मोठ्या आकारात छापून पाहिलास? त्यातला भ, ग, ळ कसा वळतो ते बघितलंस? आणि फॉन्ट पसंत नसेल तर हात आहे ना? कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं हातानं काढली. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या एवढ्याशा जागेत ते अक्षर असं उभं करायचे की नाटकाची जात लांबून ओळखू यावी. र. कृ. जोशी सुलेखनकार होते, कवी होते, आयआयटी मुंबईत शिकवत होते, आणि विंडोजमधला 'मंगल' त्यांच्याच हातचा. या लोकांच्या हयातीभराच्या कामानंतर तू म्हणतोस, मराठीत काही नाही? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. नसण्याचा प्रश्नच नाही. तू शोधलं नाहीस.

'कार्सननंसुद्धा न वाचता येणारं केलं होतं.' ही सबब मला सर्वांत जास्त झोंबते, कारण ती अर्धवट माहितीवर उभी आहे. १९९४ साली 'रे गन' मासिकात डेव्हिड कार्सननं ब्रायन फेरीची मुलाखत झाफ डिंगबॅट्समध्ये लावली. अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं. एक ओळ वाचता येत नाही. पण त्याच्या आधी काय घडलं होतं? कार्सननं ती मुलाखत वाचली होती. त्याला ती कंटाळवाणी वाटली. म्हणून त्यानं तसं केलं, आणि वाचता येईल असा मजकूर त्याच अंकात मागे छापला गेला. मला स्वतःला तो लेखकावर अन्याय वाटतो, आणि मी असतो तर ते पान जाऊ दिलं नसतं. तरी तो एक निर्णय होता, वाचून घेतलेला. तुझ्या पानावर निर्णय कुठे आहे? तू कार्सनचा परिणाम घेतलास आणि कार्सनचे कष्ट सोडून दिलेस.

'हल्ली वाचतंय कोण, लोक चित्रंच बघतात.' हे वाक्य माझ्या वर्गात पुन्हा नको. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत हे अंक पैसे मोजून आणले जातात आणि पुढे कित्येक महिने पुरवून वाचले जातात. तो वाचक वाचायला बसलेला असतो. त्याच्या आणि लेखाच्या मध्ये तू धूर सोडतोस. हक्क कुणी दिला?

आता पान जवळ घे. भिंग घे हवं तर.

लेखाच्या वरच्या चार ओळी बघ. अक्षरांमधलं अंतर वाढवलंस. कुठल्यातरी परदेशी मासिकात तसं पाहिलंस, छान दिसलं, उचललंस. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, त्यांना ते चालतं. आपला शब्द शिरोरेखेनं बांधलेला असतो. तुझ्या त्या चार ओळींत शिरोरेखा जागोजागी तुटली आहे आणि शब्द कुठे संपतो, अक्षर कुठे संपतं, हे कळेनासं झालंय. हे तुला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. तू वहीत उतरवूनही घेतलं होतंस.

दुसऱ्या ओळीत 'लालबाग' आहे. त्यातले दोन्ही ल हिंदी वळणाचे आलेत, उभ्या दंडाचे. गिरणगावावरच्या लेखात, लालबागच्या नावात! मराठीचा ल पाकळीचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही तो तसाच दिलेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की अनेक युनिकोड फॉन्टांत तो आपोआप येतो. एक टिचकी मारायची होती. तीही मारली नाहीस, कारण तुझ्या डोळ्याला ते खुपलंच नाही. खुपलं नाही, हे जास्त वाईट.

उजव्या पानावर मोठ्या अक्षरांत जो उतारा घेतलास, तोही त्याच तडकलेल्या फॉन्टात. 'दुसऱ्या पाळीचे कामगार' असं लेखकानं लिहिलंय. तुझ्या पानावर 'दुसर्या पाळीचे' छापलंय. फॉन्टात ऱ्य नाहीच. म्हणजे तू फॉन्टासाठी लेखकाचं शुद्ध वाक्य अशुद्ध केलंस. ज्या फॉन्टात ऱ्य नाही तो मराठी मजकुराला लावायचा नाही. यावर वाद नाही.

मजकुराची अक्षरं दहा पॉइंटांची आणि ओळी बारा पॉइंटांवर. का? मशीननं तसं दिलं म्हणून. आपोआप येणारा तो हिशेब अक्षराच्या एकशे वीस टक्के असतो आणि तो रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बसवलेला आहे. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. तुझ्या पहिल्याच कॉलमात वरच्या ओळीतल्या 'संपूर्ण'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'गिरणी'च्या वेलांटीत जाऊन अडकलाय. ओळींना श्वास घ्यायला जागा नाही. चौदा पॉइंट करून पाहिलंस? पंधरा? मजकूर मावत नव्हता म्हणशील. मावला नसता, कारण अर्धं पान धुरानं खाल्लं होतं. कॉलम अरुंद, दोन्ही कडा सरळ बांधलेल्या, म्हणून शब्दांमध्ये भोकं पडली आहेत, ते वेगळंच.

आणि शीर्षक बरोबर मध्यावर. ओकाराची मात्रा आणि अनुस्वार गटरमध्ये! दोनशे पानांचा अंक पाठीला गोंद लावून बांधला की तो पूर्ण सपाट उघडत नाही. मधला भाग आत ओढला जातो. अनुस्वार बांधणीत गेला तर वाचक काय वाचणार? पडद्यावर दोन पानं सपाट दिसतात, म्हणून तू फसलास. खऱ्या मापाची डमी घडी घालून केली असतीस तर हे एका मिनिटात दिसलं असतं. डमी केलीस का? पुन्हा तेच. नाही.

कोरी जागा तर तुला सोसवतच नाही. रिकामं दिसलं की हात शिवशिवतात. अलेक्सी ब्रोडोविच १९३४ ते १९५८ 'हार्पर्स बझार'चा कला दिग्दर्शक होता. तो पानं जमिनीवर क्रमानं मांडून बघायचा, कारण कुठलंही पान एकटं वाचलं जात नाही. आधीच्या पानावर काय आहे आणि पान उलटल्यावर काय येणार, यावर त्याची जागा ठरते. तुझ्या दोन पानांच्या आधी दागिन्यांची पानभर जाहिरात आहे, भडक पिवळी. मी मुद्दाम सांगितलं होतं. त्या पिवळ्यानंतर वाचक पान उलटतो आणि समोर जवळजवळ कोरा कागद येतो, एवढ्यानंसुद्धा माणूस थबकला असता. तू लाल ओघळ दिलेस. त्याला वाटेल, दुसरी जाहिरात आली.

एवढं बोलतोय ते का? तू मठ्ठ असतास तर मार्क देऊन मोकळा झालो असतो. दुसऱ्या वर्षाला तू एक काम आणलं होतंस. गावच्या किराणा दुकानातली उधारीची वही घेऊन तिच्यावर दोन पानं केली होतीस. नावं डावीकडे, आकडे उजवीकडे, मध्ये मोकळी जागा. उधारी वाढत जाईल तसे आकडे डावीकडे सरकत आले आणि ती जागा आवळत गेली. शेवटच्या ओळीत आकडा नावाला जाऊन भिडला. चित्र नव्हतं, रंग नव्हता, साधा एकच फॉन्ट होता. शेजारच्या वर्गातली मुलं ते बघायला आली होती. मी तुला तेव्हा विचारलं, हे सुचलं कसं? तू म्हणालास, 'वही पूर्ण वाचली, सर.' त्या घरांची नावं तुला पाठ झाली होती. कोण कुठल्या महिन्यात साखर कमी न्यायला लागलं, हेसुद्धा तू सांगत होतास.

तो मुलगा कुठे गेला? मधल्या काळात काय झालं? तुला बक्षीस मिळालं, दोन पोस्टरांची कामं मिळाली, सगळे वाहवा म्हणाले, आणि तुला वाटायला लागलं की आता वाचायची गरज नाही, हात बसलाय. हात बसलाय, खरं आहे. डोळे मिटलेत. कळत नाही असं नाही, कळतंय पण वळत नाही, आणि हेच मला सहन होत नाही. न येणाऱ्याला मी शिकवीन. येत असून अंगचोरी करणाऱ्याला काय शिकवू? पाट्या टाकायच्या असतील तर त्यासाठी चार वर्षं फी भरायची गरज नव्हती.

ही पानं परत घेऊन जा. सोमवारी सकाळी ये. लॅपटॉप आणू नकोस. लेखाची छापील प्रत आण, पेन्सिलीच्या खुणांसह. जिथे थांबलास तिथे खूण, जिथे समजलं नाही तिथे खूण, जिथे लेखकाशी पटलं नाही तिथे दोन खुणा. 'भोंगा' हा शब्द हातानं काढून आण, बोरूनं काढ, पेन्सिलीनं काढ, कोळशानं काढ. निदान भिंतभर काढ, मग त्यातले तीन निवड आणि बाकीचे का नाकारले ते मला सांगता आलं पाहिजे. खऱ्या मापाची घडी घातलेली डमी आण, आधीच्या जाहिरातीच्या पानासकट. लेखक लालबागलाच राहतो, नंबर तुझ्याकडे आहे. त्याला फोन कर, विचार की भोंगा बंद झाल्यावर त्याच्या घरात सकाळी पहिला आवाज कसला यायचा. ते लेखात नाही. तुला ते माहीत हवं.

मी पहिला प्रश्न तिसऱ्या परिच्छेदावर विचारणार आहे. दुसरा शेवटच्या ओळीवर. उत्तरं आली की मगच कागदाला हात लावायचा.