बीज आणि भरंवसा

दान सत्पात्रीं पडावें ही आपल्याकडील फार जुनी शिकवण आहे, आणि व्यवहारांत ती सहसा अडचणीची ठरत नाहीं. भुकेल्याची भूक दिसते, विद्यार्थ्याची हुशारी परीक्षेंत कळते, पंडिताची विद्वत्ता त्याच्या ग्रंथांवरून ताडतां येते. परंतु दानाचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत घेणाऱ्याची पात्रता दानापूर्वीं सिद्ध होऊंच शकत नाहीं. ती सिद्ध होण्याचें साधनच मुळीं तें दान असतें. नांवावर एकहि महत्त्वाचा शोध नसलेल्या तरुण संशोधकाला त्याची पहिली कल्पना पडताळून पाहण्यासाठीं जें अल्पसें द्रव्य द्यावयाचें, तें या प्रकारांत मोडतें. मधुमेह आणि अंतःस्रावी ग्रंथींचे विकार यांचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या नवख्यांना अशीं अनुदानें देण्याची पद्धत आज अनेक देशांत रूढ आहे, आणि त्यांना 'बीज-अनुदान' असें समर्पक नांव मिळालें आहे. या पेरणींत नीतीचा कांहीं प्रश्न आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रश्न आहे, आणि तो सोपा नाहीं. आक्षेपक म्हणेल, "हा पैसा देणाऱ्याच्या खिशांतला नव्हे. तो करदात्यांचा किंवा धर्मादाय निधीचा, म्हणजे विश्वस्ताच्या हातचा आहे. आणि विश्वस्तानें जुगार खेळूं नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांत मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. त्यांतील कित्येकांना रोजचें औषध परवडत नाहीं. मग हाताशीं असलेलें द्रव्य त्यांच्या औषधासाठीं न देतां, निदान नांवाजलेल्या ज्येष्ठ संशोधकाला न देतां, एखाद्या अननुभवी तरुणाच्या तर्कावर खर्चावें, यांत न्याय कोठला?" हा आक्षेप कंजूषपणाचा नव्हे, करुणेचा आहे, म्हणूनच त्याला प्रामाणिक उत्तर दिलें पाहिजे.

उत्तर देतांना बहुतेक लोक इन्शुलिनच्या शोधाकडे बोट दाखवितात. १९२० सालीं कॅनडांतील लंडन या गांवीं फ्रेडरिक बँटिंग नांवाच्या तरुण शस्त्रवैद्यानें दवाखाना थाटला होता. पण रुग्ण फारसे फिरकत नव्हते. ऑक्टोबरच्या अखेरीस स्वादुपिंडाविषयींचा एक लेख वाचून त्याच रात्रीं त्याला एक कल्पना सुचली. स्वादुपिंडाची नलिका बांधून पाचक रस करणाऱ्या पेशी झिजूं द्याव्या, आणि उरलेल्या भागांतून मधुमेहाला आवर घालणारा अंतःस्राव वेगळा काढावा, अशी ती कल्पना होती. ती घेऊन तो टोरोंटो विद्यापीठांतील शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडे गेला. मॅक्लाउड त्या विषयांतील मान्यवर. बँटिंगचें वाचन तुटपुंजें आणि संशोधनाचा अनुभव जवळजवळ शून्य. मॅक्लाउड यांना त्याचें म्हणणें फारसें पटलें नाहीं. तरीहि त्यांनीं १९२१ च्या उन्हाळ्यापुरती प्रयोगशाळा आणि दहा कुत्रीं दिलीं, व मदतीस चार्ल्स बेस्ट हा २२ वर्षांचा विद्यार्थी दिला. पुढें १९२२ च्या जानेवारींत, जीवरसायनज्ञ कॉलिप यांनीं शुद्ध केलेला अर्क लिओनार्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला टोचण्यांत आला, आणि त्याच्या रक्तांतील साखर उतरली. तोंवर अशा मुलांना अर्धपोटीं ठेवून त्यांचें मरण थोडेंबहुत लांबविणें, एवढाच उपाय वैद्यकाच्या हातीं होता.

गोष्ट खरी आहे आणि हृद्यहि आहे. पण युक्तिवाद म्हणून ती लंगडी आहे. एकाला सोडतींत लाख रुपये मिळाले म्हणून तिकिटें घेणें शहाणपणाचें ठरत नाहीं. बर्लिनमध्यें झ्युल्त्सर यांनीं १९०८ च्या सुमारास असाच अर्क रुग्णांना देऊन पाहिला होता. दुष्परिणाम दिसले आणि पाठबळ देणाऱ्या कारखानदारांनीं हात आखडता घेतला. न्यूयॉर्कमध्यें क्लाइनर १९१९ सालीं यशाच्या अगदीं जवळ येऊन थांबले. संस्था सुटली आणि काम राहिलें. ज्यांचीं नांवेंहि आपल्याला कळणार नाहींत असे अयशस्वी तरुण तर किती असतील! यशाच्या आधारें दानाचें समर्थन करूं जाल, तर अपयशाच्या आधारें त्याचा निषेधहि मान्य करावा लागेल. तेव्हां समर्थन हवें तें फळावर अवलंबून नसलेलें.

तें शोधूं गेल्यास या कथेंतील मननीय पुरुष बँटिंग नव्हे, मॅक्लाउड ठरतो. त्यांनीं तरुणावर विश्वास ठेवला असें म्हणण्याचा प्रघात आहे; वस्तुतः त्यांनीं संशय सोडला नाहीं आणि तरी दिलें. एखाद्याचें मत खरें मानणें ही एक गोष्ट, आणि त्याच्या प्रश्नाला तपासणीची संधि देणें ही दुसरी. न्यायाधीशाला साक्षीदाराविषयीं शंका असली तरी त्याची साक्ष पुरी होऊं देणें हें त्याचें कर्तव्यच असतें. आणि येथें तर मॅक्लाउड यांचा संशय बऱ्याच अंशीं यथार्थ होता. नलिका बांधण्याचा तो सारा खटाटोप अनावश्यक होता. गुरांच्या ताज्या, अखंड स्वादुपिंडापासूनहि मद्यार्काच्या साहाय्यानें तो अर्क काढतां येतो, असें कांहीं महिन्यांतच दिसून आलें. कल्पना बरोबर असेल तरच द्यावयाचें असा नियम असता, तर बँटिंगला कांहींच मिळावयास नको होतें. त्याला मिळालें तें त्याचा प्रश्न खरा होता आणि प्रयोगानें तपासतां येण्यासारखा होता म्हणून.

म्हणूनच असें अनुदान ही भिक्षा नव्हे आणि बक्षीसहि नव्हे. त्याला कर्ज म्हणावें काय? जमशेटजी टाटा यांनीं १८९२ सालीं विलायतेंत उच्च शिक्षण घेऊं इच्छिणाऱ्या भारतीयांसाठीं जो निधि स्थापिला, त्यांतून कर्जाऊ शिष्यवृत्ति मिळते. शिकलेल्यानें कमवावें, फेडावें आणि तीच रक्कम पुढच्याच्या उपयोगीं पडावी, अशी ती सुंदर योजना आहे. परंतु निष्फळ प्रयोगाची फेड रुपयांत कोण आणि कशी करणार? येथें ऋणको वेगळाच आहे. आपल्याकडे ऋषिऋण म्हणून एक कल्पना आहे: पूर्वजांनीं मिळविलेल्या ज्ञानाचा उपभोग घेणारा प्रत्येक जण त्यांचा देणेकरी आहे, आणि तें देणें ज्ञानाची परंपरा पुढें चालवूनच फिटतें. आज सकाळीं इन्शुलिनची सुई टोचून घेऊन कामावर गेलेला मनुष्य कोणा एका काळच्या धोक्यावर जगत आहे. त्याचें व आपलें देणें मॅक्लाउड यांना परत करतां येत नाहीं; तें उद्यांच्या एखाद्या अप्रसिद्ध तरुणालाच द्यावयाचें असतें.

आक्षेपकाच्या करुणेलाहि येथेंच उत्तर आहे. दुष्काळांतसुद्धां शेतकरी होतां होईल तों बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाहीं. तें दळलें तर पोरें आज पोटभर जेवतील, हें त्याला कळत नाहीं असें नव्हे. पण सगळें धान्य पेरून पोरांना उपाशी ठेवणाराहि शहाणा म्हणवत नाहीं. बीज हें धान्याच्या मानानें थोडें असतें, आणि तेवढेंच राखावयाचें असतें.

हें ऋण मानलें म्हणजे त्यापाठोपाठ कांहीं कर्तव्यें येतात. पहिलें निवडणाऱ्यांचें. मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात ही म्हण घरांत ठीक आहे. परीक्षकांच्या मंडळांत ती घातक आहे. रोझलिन यालो यांनीं न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयांत झाडूवाल्याच्या अडगळीच्या कोठडीचीच प्रयोगशाळा केली. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तांत त्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार होतात, हा यालो व बर्सन यांचा निष्कर्ष तज्ज्ञांनीं १९५५ सालीं प्रथम नाकारला. त्याच निष्कर्षांतून रक्तांतील अत्यल्प अंतःस्राव मोजण्याची रीत निघाली, आणि १९७७ सालीं यालो यांना नोबेल पारितोषिक मिळालें. बर्सन तोपर्यंत वारले होते. परीक्षकाचें ज्ञान जेथें संपतें तेथेंच नवा प्रश्न सुरू होतो, ही जाणीव ज्याला नाहीं त्यानें निवड करूं नये.

दुसरें कर्तव्य भाकरीचें. बँटिंगला जागा मिळाली, कुत्रीं मिळालीं, पण आरंभीं वेतन मिळालें नाहीं. किडुकमिडुक विकून त्यानें दिवस काढले. या हालअपेष्टांचें कौतुक करण्याची आपल्याला खोड आहे. पण ज्याच्या घरीं विकण्यासारखें कांहींच नाहीं, ज्याच्या पगाराकडे आईबाप आणि धाकटीं भावंडें डोळे लावून बसलीं आहेत, त्याची बुद्धि काय कमी मोलाची? उपकरणांना पैसा आणि माणसाला उपास, अशी योजना गुणांची निवड करीत नाहीं; ती खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची निवड करते.

तिसरें कर्तव्य धीराचें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. आपलीं बालकें जन्मतः वजनानें कमी, पण त्यांच्या अंगांतील चरबी मात्र त्या मानानें कमी नाहीं, असें त्यांत आढळलें. आणि पुढील मधुमेहाचें मूळ गर्भावस्थेंत शोधण्याला बळ मिळालें. त्या बालकांचा मागोवा तीं वयांत येईपर्यंत घेण्यांत आला. दर वर्षाअखेर 'पीक किती आलें?' असें विचारणाऱ्याच्या हातून असलीं झाडें लागत नाहींत.

घेणाऱ्याचें कर्तव्य मात्र एकच आहे, आणि तें कडक आहे: कष्ट व सत्य. यशाची हमी त्याच्याकडून मागतां येत नाहीं. पण अपयश लपविण्याची मुभाहि त्याला नाहीं. आणि यश आलेंच, तर तें केवळ त्याचें नाहीं. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं १९२३ सालीं आपले एकस्वाचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकीं एका डॉलरला देऊन टाकले. पुढें अमेरिकेंत इन्शुलिनच्या किंमती इतक्या चढल्या कीं, गरिबांना मात्रा तोडून घ्यावी लागली. तेव्हां त्या एका डॉलरचा अर्थ किती लोक विसरले होते हें दिसलें. बीज समाजाचें असेल तर पिकावरहि समाजाचा हक्क आहे.

अनुदान मिळालेला एखादा तरुण दोन वर्षांनीं परत येतो आणि म्हणतो, "मी मानत होतों तसें नाहीं, या वाटेनें कोणी जाऊं नये." त्याच्या वह्या नीट आहेत, आंकडे खरे आहेत, हात रिकामे आहेत. अशा वेळीं पैसा बुडाला असें म्हणून त्याच्या नांवावर काट मारणारा समाज मनांतून फक्त सोडतीचीं तिकिटेंच घेत होता. त्याचें ऐकून घेऊन, त्याचें टिपण जपून ठेवून, त्याला दुसरा प्रश्न विचारावयास सांगणारा समाजच आपलें ऋण फेडीत आहे असें म्हणतां येईल.