मत्स्यन्याय आणि एका मुलाचें उत्तर

जेऊर स्थानकावर गाडीची वाट पाहत असतां शेजारीं बसलेला एक मुलगा मोबाईलवर ‘हंग्री शार्क इव्होल्यूशन’ हा २०१२ सालीं निघालेला खेळ खेळत होता. त्यांत खेळणारा स्वतः शार्क मासा होतो. खाईल तितका वाढतो, आणि खाणें थांबलें कीं क्षीण होत जाऊन मरतो. माशांमागून किनाऱ्यावरील माणसेंहि त्याच्या मुखीं पडतात. “एवढें कशाला रे खातोस?” असें आम्हीं विचारितांच तो मान वर न करितां म्हणाला, “मोठं नाय झालं, तर दुसरा गिळतो की!”

अशा खेळांनीं मुलें क्रूर होतात, हा नेहमींचा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. बुद्धिबळांत उंट-घोडे मारणारे कांहीं खाटीक होत नाहींत. येथें प्रश्न क्रौर्याचा नसून भयाचा आहे. आपण न गिळल्यास दुसरा आपणांस गिळील, हें एकदां मान्य केलें कीं कोणतेंहि गिळणें आत्मरक्षण ठरतें. यासच आपल्या शास्त्रकारांनीं मत्स्यन्याय म्हटलें. परंतु कौटिल्यानें तो आदर्श म्हणून नव्हे, तर दंडाच्या अभावीं ओढवणारी आपत्ति म्हणून सांगितला आहे.

शिवाय या खेळांत एक हिशेब गाळलेला आहे. तेथें खाल्लेले मासे आपोआप पुन्हां उत्पन्न होतात. खऱ्या पाण्यांत खालच्या पायरीवरील अन्नशक्तीचा सुमारें दहावा अंशच वरच्या पायरीस पोहोंचतो. म्हणून मोठे भक्षक नेहमीं थोडे, आणि तेहि लहानांच्या विपुलतेवर जगणारे. हें समजण्यास जेऊरकरांस समुद्र नको. जवळच्या उजनी जलाशयांत बारीक जाळ्यांनीं माशांचीं पिलें उपसलीं, तर पुढें मोठा मासा मिळावयाचा नाहीं, हें मासेमारी करणारा जाणतो. पण ज्याची चूल आज पेटावयाची आहे, तो म्हणतो, “मी सोडलं तर दुसरा उपसील.” त्या मुलाचेंच हें उत्तर!

शतपथब्राह्मणांत मनूच्या हातीं आलेला चिमुकला मासाहि मोठ्या माशांचेंच भय सांगतो. परंतु तो दांत मागत नाहीं, आसरा मागतो. मनूनें त्यास आधीं घड्यांत, मग खड्ड्यांत राखिलें आणि वाढल्यावर समुद्रांत सोडिलें. पुढें जलप्रलयांत त्यानेंच मनूची नौका ओढून नेली.

ही कथा त्या मुलास सांगावी, असें मनांत आलें. पण आम्ही गप्प राहिलों. त्याचें भय खोटें नव्हतें. लहानांस घडा मिळेल अशी खात्री जोंपर्यंत आपण देऊं शकत नाहीं, तोंपर्यंत ‘दांत मागूं नकोस’ असें त्यांस सांगण्याचा आपणांस अधिकार काय?